भांगलणीतली घोळ ताटात कशी आणायची

आमच्या परड्यात भांगलायला येणाऱ्या मावशी तणाचे दोन ढीग करतात. एक बांधावर फेकायचा आणि दुसरा ओच्यात भरून घरी न्यायचा. पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. मिरचीच्या सरीत लालसर देठांची, जाडसर पानांची वेल पसरली होती, ती मी मुळासकट उपटून टाकत सुटले. मावशींनी हात धरला. "वैनी, घोळ हाय ती. टाकतासा कशाला? ताकात शिजवा, भाकरीसंगं खावा." त्या दिवशी त्यांनी निवडलेली घोळ आमच्या चुलीवर शिजली, आणि तेव्हापासून फुलेवाडीपलीकडच्या या तुकड्यात घोळ आम्ही तण म्हणून काढत नाही, भाजी म्हणून खुडतो.

घोळीचं शास्त्रीय नाव पोर्तुलाका ओलेरेसिया. हिंदीत कुल्फा, युनानी वैद्यकात खुर्फा, सीमेपलीकडे कर्नाटकात गोणी सोप्पु. कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईच्या आसपास खेड्यांतून येणाऱ्या बायका पोत्यावर पेंड्या मांडून बसतात, त्यांच्याकडे पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, कुरडूच्या शेजारी घोळ दिसते. पण बहुतेकांच्या घरी ती फुकट उगवते आणि फुकटच उपटून टाकली जाते. म्हणून हा लेख ओळखण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं सांगणारा आहे. औषधाचा भागही आहे, पण तो शेवटाकडे, कारण घोळ आधी अन्न आहे.

आधी ओळख पक्की करा

घोळ जमिनीलगत चारी बाजूंनी पसरते, मधलं मूळ चाकाच्या तुंब्यासारखं आणि फांद्या आऱ्यांसारख्या बाहेर. देठ गोल, गुळगुळीत, मांसल. उन्हातल्या जागी तांबूस, सावलीत हिरवट. पान टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळतं. दोन बोटांत दाबलं की पाणी भरलेलं वाटतं, चावून पाहिलं तर किंचित आंबट आणि खारट. फांदीच्या टोकाला पानांच्या झुबक्यात पिवळं, पाच पाकळ्यांचं बारीक फूल येतं आणि उन्हाच्या वेळी जेमतेम काही तास उमलतं. फूल गेलं की तिथे बोंड धरतं. पिकलं की त्याचं वरचं झाकण डबीच्या झाकणासारखं निघतं आणि आतून राईपेक्षा कितीतरी बारीक काळ्या बिया सांडतात. हे बोंड एकदा तळहातावर उघडून बघा, पुन्हा घोळ ओळखायला चुकणार नाही.

तिची धाकटी बहीण म्हणजे चिवळ, काही गावांत चिगळ म्हणतात. पानं अगदी बारीक, देठ दोऱ्यासारखे, पेऱ्यापेऱ्याला पांढरे केस, आणि फुलाला चार पाकळ्या. तीही खातात आणि चवीला छान लागते, पण निवडायला जीव जातो. नवख्याने मोठ्या पानांच्या घोळीपासूनच सुरुवात करावी.

आता चुकीच्या ओळखीचं. याच सरीत, याच उंचीची, जमिनीला चिकटून वाढणारी नायटी असते, तिलाच दुधी म्हणतात. लांबून बघणाऱ्याला ती घोळच वाटते. फरक ओळखायची एक खात्रीची खूण आहे: देठ मोडा. पांढरा चीक आला की ती नायटी, खायची नाही. घोळीच्या देठातून फक्त पाण्यासारखा पारदर्शक रस येतो. नायटीचं पान पातळ असतं, बोटांत दाबलं तर रस जाणवत नाही. परडीत जमा झालेल्या प्रत्येक झुबक्यातला एक देठ मोडून बघायचा, एवढी शिस्त मी अजूनही पाळते, कारण दोन्ही तणं एकमेकांत गुंतून वाढतात आणि खुडताना हातात एकत्र येतात.

दुसरी फसवणूक खापऱ्याची. त्याचीही पानं जाडसर असतात, पण समोरासमोरच्या जोडीत एक पान मोठं आणि एक लहान असतं, आणि फूल पिवळं नसून पांढरट-गुलाबी, पानाच्या बेचक्यात. जाणकार त्याची कोवळी पानं खातात, जून पानांनी पोट बिघडतं. ओळख नसेल तर हात लावू नका. कुंडीत शोभेला लावतो ती रंगीबेरंगी फुलांची चिनी गुलाब घोळीच्याच कुळातली, पण ती भाजीसाठी नाही, शिवाय रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर काय फवारलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं.

कुठली खुडायची, कुठली सोडायची

कोल्हापुरात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि याच बाबतीत मी एकदा चुकले आहे. शेजारच्या उसाच्या बांधावर घोळ टरारून आली होती. खुडायला वाकले तेव्हा शेंडे पिळवटलेले दिसले, देठ उलटसुलट वळलेले. मी ते उन्हामुळे असेल असं धरून अर्धी परडी भरली. घरी आल्यावर चौकशी केली तर आठवड्यापूर्वीच टू-फोर-डी मारलं होतं. रुंद पानांची तणं मारणारं हे औषध उसात सर्रास वापरतात, आणि शेंडे असे पिळवटणं ही त्याचीच खूण. परडी तशीच खड्ड्यात पुरली. त्या दिवसापासून नियम: ज्या जमिनीवर काय मारलं हे मला स्वतःला किंवा मालकाला विचारून कळत नाही, तिथली घोळ नाही.

तसंच रासायनिक खताचा भरपूर डोस दिलेल्या शेतातली, विशेषतः युरिया टाकल्यानंतर लगेचची, टाळावी. घोळ नायट्रेट साठवून ठेवणारी वनस्पती आहे. रस्त्याकडेची, गटाराजवळची, जनावरं बांधतात तिथली नको. आणि पंचगंगेच्या पुराचं पाणी ज्या रानात येऊन गेलं, तिथली तर मुळीच नको. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीकडच्या रानांत पाणी ओसरल्यावर हिरवंगार तण फुटलं होतं. पुराच्या गाळात शहराचं काय काय वाहून येतं हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला ते ताटात घ्यावंसं वाटणार नाही. गाळ उन्हात वाळून, पाऊस पडून, नांगरट होऊन जमीन एकदा नीट धरल्यावर मग बघावं. सगळ्यात चांगली घोळ म्हणजे आपल्या परड्यातली, नाहीतर ज्याची शेती आपण ओळखतो त्याची.

मंडईत घेत असाल तर विकणाऱ्या बाईला "मावशी, कुठल्या रानातली?" एवढं विचारा. जिने स्वतः खुडलेली असते ती लगेच सांगते.

खुडणं

मुळासकट उपटू नका. टोकाकडचे तीन-चार इंचांचे कोवळे शेंडे नखाने खुडा किंवा कात्रीने कापा, बुडखा राहू द्या. पाणी मिळालं तर त्याच झाडाला पुन्हा फुटवे येतात आणि हंगामात दोन-तीनदा खुडता येतं. फुलं धरण्याआधीची घोळ कोवळी लागते, बोंडं धरल्यावर देठ दोरदार होतात आणि बिया दातांत कचकचतात.

वेळेचाही फरक पडतो, आणि तो नुसता बायकांचा समज नाही. घोळ बहुतेक झाडांसारखी सरळ वागत नाही. पाणी कमी पडलं की ती दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते, रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा ऊन पडलं की ते आम्ल वापरून अन्न बनवते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे खुडलेली घोळ जास्त आंबट लागते आणि संध्याकाळची सौम्य. ताकातली भाजी करायची असेल तर मी दुपारनंतर खुडते, नाहीतर ताक आणि घोळ दोन्ही आंबट होऊन पोरं तोंड वाकडं करतात. डाळीत घालायची असेल तर सकाळची बरी, चिंच लागत नाही.

निवडणं आणि धुणं

जमिनीवर पसरणारी भाजी असल्यामुळे पेऱ्यांत माती अडकते, आणि काळ्या रानातली असेल तर ती चिकटून बसते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन घोळ बुडवा, हाताने हलवा आणि भाजी वर उचलून घ्या. पाणी ओतू नका, ओतलं की तळाची माती पुन्हा पानांवर बसते. असं तीनदा, शेवटच्या पाण्याच्या तळाशी कण दिसेनासा होईपर्यंत. धुऊन मग चिरा, चिरून धुतली तर रस पाण्यात जातो. जाड देठ असतील तर बाजूला काढा, कोवळे देठ पानांइतकेच चविष्ट असतात.

तिच्यात आहे काय

100 ग्रॅम कच्च्या घोळीत सुमारे 93 टक्के पाणीच असतं, आणि उष्मांक 20 च्या आसपास. प्रथिनं साधारण 2 ग्रॅम. खनिजांची बाजू चांगली आहे: पोटॅशियम 490 मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम 68, कॅल्शियम 65, लोह जवळजवळ 2 मिलिग्रॅम. क जीवनसत्त्व सुमारे 21 मिलिग्रॅम, त्यातलं बरंच शिजवताना जातं.

जगभर घोळीचं नाव झालं ते ओमेगा-3 मुळे. पालेभाज्यांत हे मेदाम्ल नावापुरतंच असतं; घोळीच्या ताज्या पानांत मात्र अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3, 100 ग्रॅमला 300 ते 400 मिलिग्रॅमपर्यंत आढळलं आहे. पालेभाजीच्या मानाने हे खरंच खूप आहे. पण यावरून "घोळ खा, मासे नकोत" असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. वनस्पतीतलं हे आम्ल शरीरात जाऊन माशांतल्या ओमेगा-3 मध्ये फार थोडं बदलतं. आणि एक पोह्याचा चमचा जवसाच्या पुडीत अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्तच हे आम्ल मिळतं. म्हणजे घोळीची भाजी आणि शेजारी जवसाची चटणी असं ताट वाढलं तर दोघी मिळून चांगलं काम करतात.

दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. घोळीत ऑक्झॅलेट भरपूर असतं, पालकाच्या बरोबरीचं. ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून बसतं. ते लघवीत गेलं तर मुतखड्याला निमित्त मिळतं. पण पोटातच, जेवणातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली तर ते आतड्यात शोषलं न जाता बाहेर पडतं. म्हणजे ताक-दह्याबरोबर घोळ खाणं हे चवीइतकंच शहाणपणाचं आहे. मावशींनी पहिल्याच दिवशी "ताकात शिजवा" म्हटलं होतं. ऑक्झॅलेटचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही, पण त्यांच्या घरात घोळ दुसऱ्या कशात शिजत नाही.

ताकातली घोळ

चार माणसांना पाव किलो घोळ पुरते. पाव वाटी हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे तीन-चार तास भिजवा आणि दोन्ही मऊ होतील इतपत शिजवून ठेवा. घोळ जाडसर चिरा. दोन वाट्या ताकात दोन मोठे चमचे बेसन गुठळी न राहता कालवून घ्या. ज्वारीचं पीठही चालतं, चव वेगळी येते आणि मला तीच जास्त आवडते. ताक ताजं हवं, आंबट झालेलं नको.

कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि तीन-चार हिरव्या मिरच्या घाला. लसूण तांबूस झाला की हळद आणि लगेच घोळ. झाकण ठेवू नका. तीन-चार मिनिटांत पानांचा रंग गडद होतो आणि भाजी खाली बसते. मग डाळ-शेंगदाणे, मीठ (हात आवरून, घोळीला स्वतःची खारट चव असते) आणि अर्धी वाटी गरम पाणी. एक उकळी आली की आच अगदी बारीक करा, तेव्हाच ताक ओता आणि पळी थांबवू नका. मोठ्या आचेवर ताक ओतलं की ते फुटतं. कडेने बुडबुडे येऊ लागले, बेसनाचा कच्चा वास गेला आणि भाजी पळीवरून सावकाश पडायला लागली की उतरवा.

जास्त शिजवलेली घोळ बुळबुळीत होते. तिच्यात भेंडीसारखा चिकट अंश असतो, आणि ज्यांना घोळ आवडत नाही त्यांनी बहुधा अशीच भाजी खाल्लेली असते. ज्वारीच्या गरम भाकरीवर, कडेला कांदा, एवढंच पुरे.

घाई असेल तेव्हा साधं कोरड्यास करा: अर्धी वाटी मूगडाळ बोटचेपी शिजवायची, तेलात कांदा परतून त्यात चमचाभर कांदा-लसूण चटणी, मग घोळ आणि डाळ, पाच मिनिटांत गॅस बंद. यासोबत वाटीभर दही घ्या.

कच्ची खायची तर घोळाणा. कोवळे शेंडे बारीक चिरून त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, चवीपुरतं तिखट आणि वरून कच्चं तेल. आयत्या वेळी कालवा, ठेवला की पाणी सुटतं. हा प्रकार फक्त घरच्या घोळीचा करावा असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारातली शिजवूनच खावी.

औषध म्हणून

16व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात शाकवर्गात लोणी आणि घोटिका या घोळीच्याच जातीच्या भाज्या शेजारी-शेजारी येतात. घोटिकेला बृहल्लोणी, म्हणजे मोठी लोणी म्हटलं आहे. लोणी आंबट, खारट, रूक्ष, पचायला जड, भूक वाढवणारी आणि अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर उपयोगी, असं तिथलं वर्णन. पचायला जड म्हटल्यामुळेच आपल्याकडे तिला हिंग-लसणाची फोडणी भरपूर देतात असं मला वाटतं. चिनी वैद्यकात घोळ आव-जुलाबांवर वापरतात, युनानीत तिच्या बिया थंड म्हणून देतात. आधुनिक काळात पानांच्या अर्काचे सूज कमी करणारे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, आणि मधुमेहात बियांच्या छोट्या चाचण्याही झाल्या आहेत. पण त्यांच्या जोरावर चालू गोळी बंद करावी असं काहीही नाही.

घरात मी दोनच उपयोग करते. मुंगी, डास चावून आग होते तिथे किंवा उन्हाळ्यातल्या घामोळ्यावर घोळीचा लेप. पानं धुऊन खलबत्त्यात ठेचायची, पाणी न घालता, आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवून गार पाण्याने धुवायचं. पानात पाणी आणि चिकट अंश असल्यामुळे गारवा लगेच वाटतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. उघड्या जखमेवर, भाजून आलेल्या फोडावर किंवा डोळ्याजवळ लावू नका, कितीही धुतली तरी मातीतली भाजी आहे.

दुसरा उपयोग जेवणातलाच. मूळव्याधीचा, बद्धकोष्ठाचा त्रास असणाऱ्यांना घोळीची भाजी देण्याची जुनी पद्धत आहे. आठवड्यातून एक-दोनदा ताकातली भाजी जेवणात ठेवायला हरकत नाही. मात्र रक्त पडत असेल तर भाजीवर वेळ न घालवता दाखवून घ्या.

उन्हाळी लागली की, म्हणजे लघवीला जळजळ झाली की, वाटीभर घोळीचा रस प्यायला सांगणारे लोक भेटतात. मी तो देत नाही. रसात ऑक्झॅलेट एकवटलेलं येतं, सोबतीला ताक नसतं, आणि जळजळीबरोबर ताप किंवा कंबरदुखी असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे पाणी भरपूर प्यावं आणि डॉक्टर गाठावा.

ज्यांना मुतखडा आहे किंवा होऊन गेला आहे त्यांनी घोळ टाळावी. लघवी साफ होते म्हणून कुणी सुचवलं तरी ऐकू नका. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमचं पथ्य असतं, त्यांनीही नको. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर घोळीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या आड येतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात रस, काढा, बिया घेऊ नका, भाजीसुद्धा विचारून. बाकी निरोगी माणसाने पहिल्यांदा खाताना एक लहान वाटी खावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोट काय म्हणतं ते बघावं.

परड्यात ठेवायची कशी

लावायला बी आणायची गरज नाही. चार इंचांचा देठ ओलसर मातीवर आडवा ठेवून वरून चिमूटभर माती टाकली की मुळं धरतात. पसरट कुंडी आणि भरपूर ऊन हवं. गच्चीवरच्या कुंडीतली घोळ सगळ्यात स्वच्छ मिळते. पाणी कमीच घाला, पाणथळ जागी देठ कुजतात.

पिकात मात्र ती आवरावी लागते. एका मोठ्या झाडाला लाखाच्या वर बिया धरू शकतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. खुरप्याने तुकडे करून जागेवर टाकले तर प्रत्येक तुकडा नवं झाड होतो. उपटून सरीत टाकलेली घोळही देठातल्या पाण्यावर जगते आणि पडल्या पडल्या बी पिकवते. म्हणून फुलाच्या आत काढायची आणि रानाबाहेर न्यायची.

आमच्याकडे मावशी भांगलताना मिरचीतली सगळी काढतात आणि नळाच्या पाटाकडेचा एक झुबका ठेवतात. तिथे दर आठवड्याला शेंडे खुडले जातात, त्यामुळे बोंड धरायला उसंत मिळत नाही. गौरी-गणपती झाले की एकाच फांदीला फुलू देतात, बोंडं पिवळसर झाली की ती फांदी कागदावर झटकून बी पुडीत बांधतात, आणि अर्धी पुडी माझ्या खिडकीत ठेवून जातात.